चाकणचा फिटर, बारा तासांची पाळी आणि साडेचार हजारांचा ओटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी आयटीआय फिटर. चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलोय. सकाळी आठ ते रात्री आठ, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, आठवड्यातून सहा दिवस. पगार चिठ्ठीवर बेसिक १२,०००, महागाई भत्ता ३,६००, घरभाडे ३,६४०, प्रवास भत्ता १,५६०, एकूण २०,८००. गेल्या महिन्यात २६ दिवस पूर्ण भरले. ओटीचे (ओव्हरटाईमचे, म्हणजे जादा कामाचे) ४,५५० रुपये मिळाले, तेही 'इन्सेंटिव्ह' नावाने. ठेकेदार म्हणतो, आमच्याकडे सिंगल ओटी आहे, डबल फक्त कंपनीच्या पर्मनंट लोकांना. हे बरोबर आहे का?"

नाही. पण किती चूक आहे हे समजून घ्यायचं असेल तर "सिंगल की डबल" (जादा तासांना एकपट दर की दुप्पट) हा वाद आधी बाजूला ठेवा. मी पंधरा वर्षं टाइम ऑफिसात (कारखान्याच्या हजेरी विभागात) आणि पगाराच्या टेबलावर काढली, आता भोसरीत कामगार कायद्याचं सल्ल्याचं काम करतो. डबलवर भांडण होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. पैसे मात्र त्याच्या आधीच्या दोन ठिकाणी गळतात: पगाराच्या कुठल्या रकमेवर हिशेब धरला, आणि तिला कितीने भागलं. तुमचा ठेकेदार उद्या "बरं, डबल देतो" म्हणाला आणि या दोन गोष्टी त्याच्या मनासारख्या ठेवल्या, तरी तुमचे एक तृतीयांश पैसे त्याच्याकडेच राहतील.

आधी तास मोजू. आठ ते आठ म्हणजे बारा तास, त्यातून जेवणाचा अर्धा तास वजा. विश्रांतीचा वेळ कामाच्या तासांत धरत नाहीत, हे तुमच्या विरुद्ध जात असलं तरी खरं आहे. मशीनवर उभ्या उभ्या घेतलेला चहा मात्र विश्रांती नव्हे, तो वेळ कोणी कापत असेल तर कापू देऊ नका. म्हणजे दिवसाचे साडेअकरा तास, आठवड्याचे ६९.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात दिवसाची मर्यादा नऊ तास आणि आठवड्याची ४८. कलम ५९ म्हणतं की दिवसाला नऊच्या वर किंवा आठवड्याला ४८ च्या वर काम झालं की जादा कामाचा दर लागू. इथे एक नेहमीची लबाडी आहे. ठेकेदाराचा क्लार्क सांगतो, "नऊ तासांपर्यंत ओटी नाही, तुमचा ओटी रोज अडीच तास." सहा दिवसांचे झाले पंधरा. पण नऊ तास सहा दिवस म्हणजे ५४ होतात, आणि आठवड्याची मर्यादा ४८ च आहे. आठवड्याने मोजलं तर ६९ वजा ४८, म्हणजे २१ तास. दर आठवड्याला सहा तासांचा फरक, आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

तुमच्या बाबतीत निदान तास तरी बरोबर धरलेले दिसतात. ४,५५० ला ९१ ने भागलं तर बरोबर ५० येतात, आणि २६ दिवसांचे रोज साडेतीन तास म्हणजे ९१. तुमच्या क्लार्कने आठच्या पुढचे सगळे तास मोजलेत. त्याला त्याचं श्रेय द्यायला हवं.

उलट बाजूनेही खेळ होतो, म्हणून सांगून ठेवतो. समजा सोमवार ते बुधवार तुम्ही साडेअकरा तास केलेत, गुरुवारी घरी अडचण म्हणून खाडा, शुक्रवार-शनिवार आठ-आठ तास. आठवड्याची बेरीज साडेपन्नास. क्लार्क म्हणेल, "खाडा झाला, त्यात ओटी ॲडजस्ट झाला, अडीच तास घे." पण दिवसाच्या हिशेबाने नऊच्या वरचे अडीच तास तीनदा झालेत, म्हणजे साडेसात. गुरुवारच्या खाड्याने सोमवारचा जादा वेळ पुसला जात नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तर हे स्पष्टच लिहिलंय की जादा काम दिवसाने किंवा आठवड्याने, कामगाराला जे जास्त फायद्याचं त्या रीतीने मोजायचं.

आता हा ५० चा दर आला कुठून? १२,००० भागिले २४०. म्हणजे ठेकेदाराने फक्त बेसिक धरलं, त्याला महिन्याच्या ३० दिवसांनी भागलं, मग आठ तासांनी भागलं, आणि जे आलं ते एकपट दिलं. एका ओळीच्या हिशेबात तीन ठिकाणी कात्री.

भागाकार आधी बघू, कारण त्याकडे कामगार कधीच बघत नाहीत. महिन्याचा पगार तुम्हाला कामाच्या दिवसांचा मिळतो, साप्ताहिक सुट्ट्या त्यात धरत नाहीत. म्हणून दिवसाचा दर काढताना चार रविवार वजा करून २६ ने भागायचं. किमान वेतनाचा दिवसाचा दर असाच निघतो. ग्रॅच्युइटीचा पंधरा दिवसांचा पगारही २६ नेच निघतो, आणि तो वाद तर १९८० मध्येच सर्वोच्च न्यायालयात दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात निकाली निघाला. तिथे मालक म्हणत होते महिना ३० दिवसांचा धरा. ३० आणि २६ मध्ये चारचाच फरक दिसतो, पण दर तासाला त्याने तेरा टक्क्यांच्या वर घट होते. गंमत अशी की तोच ठेकेदार खाड्याचे पैसे कापताना २६ ने भागतो. तुमच्या चिठ्ठीवर एखाद्या महिन्यात खाडा असेल तर तपासून बघा. मी आजवर पाहिलेल्या दहा चिठ्ठ्यांपैकी सहा-सात तरी अशाच निघाल्या: कापायला २६, द्यायला ३०. ही एक चिठ्ठी हातात असली की समोरच्याचा सूर लगेच बदलतो.

मग पाया. कुठल्या रकमेवर? इथे आता तारीख महत्त्वाची झाली आहे, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली.

त्या तारखेच्या आधीच्या कामाला जुन्या कलम ५९ ची व्याख्या लागते. ती कामगाराच्या बाजूने सढळ होती: मूळ वेतन अधिक कामगाराला मिळणारे भत्ते, स्वस्त धान्य वगैरे सवलत असेल तर तिची रोख किंमतसुद्धा. वगळायचं फक्त दोन गोष्टींना, बोनस आणि खुद्द ओटीची रक्कम. त्यामुळे तुमचे घरभाडे आणि प्रवास भत्ता दोन्ही आत येतात. २०,८०० भागिले २६ म्हणजे ८००, भागिले आठ म्हणजे १००, दुप्पट २०० रुपये तास.

त्या तारखेनंतर 'वेतन' या शब्दाचीच व्याख्या बदलली. आता बेसिक, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स (काम बंद असताना कामगाराला राखून ठेवण्यासाठी दिलेला भत्ता) नक्की आत. घरभाडे, प्रवास भत्ता, बोनस, कमिशन, ओव्हरटाईम वगैरे ठरावीक बाबी बाहेर. तुमचा पाया १५,६००. भागिले २६ म्हणजे ६००, भागिले आठ म्हणजे ७५, दुप्पट १५० रुपये तास.

होय, नव्या कायद्याने तुमचा तासाचा दर ५० रुपयांनी खाली आला. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीत हे नव्हतं. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, यादीत नाव घेऊन वगळलेल्या बाबी तेवढ्याच बाहेर जातात. 'स्पेशल अलाउन्स', 'ॲडहॉक', 'अदर अलाउन्स' अशा गुळमुळीत नावाने दिलेली रक्कम, माझ्या वाचनाप्रमाणे, वेतनातच मोडते, कारण व्याख्येची सुरुवातच 'सर्व मोबदला' अशी आहे. दोन, वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरची रक्कम परत वेतनात धरायची. तुमच्या चिठ्ठीत घरभाडे आणि प्रवास मिळून ५,२०० म्हणजे एकूण पगाराच्या पाव, त्यामुळे हा नियम तुम्हाला लागत नाही. पण उद्या ठेकेदाराने बेसिक खाली आणून घरभाडे फुगवलं तर नक्की लागेल. आणि युनियनच्या करारात किंवा नेमणूकपत्रात एकूण पगारावर ओटी असं लिहिलेलं असेल तर ते कागद आधी काढा, कायद्यातला दर हा किमान दर असतो.

आता तुमच्या ९१ तासांचा हिशेब समोरासमोर ठेवतो. तुम्हाला मिळाले ४,५५०. नव्या व्याख्येने मिळायला हवे होते १३,६५०. हेच तास नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या एखाद्या महिन्यात भरले असते तर १८,२००. आणि ठेकेदाराने फक्त "डबल" मान्य केलं, बाकी हिशेब तसाच ठेवला, तर ९,१००. सुरुवातीला डबलचा वाद बाजूला ठेवा म्हणालो तो यासाठी.

"डबल फक्त पर्मनंटला" याला कायद्यात कुठेही आधार नाही. जुन्या अधिनियमात 'कामगार' या शब्दात ठेकेदारामार्फत लावलेला माणूस स्पष्ट शब्दांत होता, नव्या संहितेतही कंत्राटी कामगार आहेच. माझा अनुभव असा की बहुतेक मोठ्या कंपन्या ठेकेदाराला ओटीचं बिल दुपटीने देतात. बिल दुपटीचं आणि वाटप एकपटीचं, मधला फरक कोणाच्या खिशात जातो हे सांगायला नको. म्हणूनच कायद्याने मूळ मालकावर जबाबदारी टाकली आहे: ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर कंपनीने तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, संहितेतही आहे. कंपनीच्या एचआरला लेखी अर्ज गेला की बऱ्याचदा ठेकेदार आठवड्यात "बसून बोलू" म्हणतो, त्याचं कारण हेच.

काहींना ओटी खरोखरच लागू नसतो, तेही सांगतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि देखरेखीचं काम करून महिना १८,००० च्या वर वेतन घेणारे, सुरक्षा संहितेच्या 'कामगार' व्याख्येत बसत नाहीत. पण हे हुद्द्याच्या नावावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. रांजणगावात मी एका 'सिनियर एक्झिक्युटिव्ह – प्रॉडक्शन'चं प्रकरण पाहिलं, तो दिवसभर मशीन चालवायचा आणि त्याच्या हाताखाली एक माणूस नव्हता. रजा मंजूर करण्याचा अधिकार आहे का, कोणाला कामावर घेता-काढता येतं का, अहवाल कोण लिहितं, असे प्रश्न विचारले जातात. दुकानं, शोरूम, आयटी कंपन्या यांना वेगळा, राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. तिथेही दर दुपटीचाच. त्यावर पुन्हा कधीतरी.

'इन्सेंटिव्ह' हे नाव मात्र मला फार ओळखीचं आहे. मी टाइम ऑफिसात लागलो तेव्हा आमच्याकडे दोन रजिस्टरं होती. एक तपासणीला दाखवायचं, त्यात सगळे आठ तासांत घरी जायचे. दुसरं जाड पुठ्ठ्याचं, कपाटात खालच्या कप्प्यात, त्यात खरे तास. त्या दुसऱ्या रजिस्टरवरून महिन्याच्या दहा तारखेला व्हाउचरवर सह्या घेऊन रोख वाटप व्हायचं, आणि व्हाउचरवर लिहायचं 'उत्पादन प्रोत्साहन'. ते लिहायचं काम माझं होतं. अभिमानाने सांगण्यासारखं नाही, पण त्यामुळे हा प्रकार आतून माहीत आहे. हे नाव देण्यामागे कारण दोन असतात. ओटी म्हटलं की दुपटीने द्यावा लागतो हे एक. दुसरं कारण मोठं आहे: ओटी कागदावर आला की मर्यादा मोडल्याचं कागदावर येतं.

कारण जादा कामालाही कमाल मर्यादा आहे. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी ती तीन महिन्यांना ११५ तास होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १४४ करायला आणि दिवसाचे तास बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली, त्यातही कामगाराची लेखी संमती आणि दुप्पट दर या अटी होत्याच. तुमचे आठवड्याला २१ तास, तेरा आठवड्यांचे २७३. म्हणजे १४४ ची मर्यादा धरली तरी जवळजवळ दुप्पट. ठेकेदार कधीकधी यावरूनच घाबरवतो: "एवढा ओटी बेकायदा आहे, तक्रार केलीस तर तूच अडकशील." मर्यादा मोडल्याचा गुन्हा काम करून घेणाऱ्याचा. केलेल्या कामाचे पैसे त्यामुळे बुडत नाहीत. आणि संहितेप्रमाणे ओटी संमतीनेच करून घ्यायचा आहे, "थांबला नाहीस तर उद्यापासून येऊ नकोस" ही संमती नव्हे.

करोनाच्या काळात गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि जादा तासांना एकपट दर अशी सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला ती रद्द केली, आणि त्या काळातल्या जादा कामाचा दुपटीने मोबदला द्यायला सांगितलं. महामारीतसुद्धा जे सरकारला जमलं नाही ते चाकणच्या ठेकेदाराला कसं जमेल, एवढंच त्याला विचारा.

रविवारी बोलावून 'सी-ऑफ' (बदली सुट्टी) देतात, त्याचं काय? साप्ताहिक सुट्टी ही वेगळी गोष्ट आहे आणि जादा कामाचा दर वेगळी. बदली सुट्टी मिळायलाच हवी, पण त्या आठवड्यात ४८ च्या वर तास गेले असतील तर वरच्या तासांचा दुप्पट दरही मिळायला हवा. सी-ऑफ दिला म्हणून ओटी फिटला, हा हिशेब कायद्याचा नाही, टाइम ऑफिसचा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीने मिळवून दिली, आणि ती अजून अशी 'ॲडजस्ट' होत असते.

कपातीचं थोडक्यात. पीएफ ओटीवर कापला जात नाही, ग्रॅच्युइटी आणि बोनसच्या हिशेबातही ओटी येत नाही. ईएसआयची (कामगार विमा योजनेची) जुनी रीत अशी की २१,००० ची पात्रता मर्यादा बघताना ओटी सोडून द्यायचा, पण वर्गणी (कामगाराची पाऊण टक्का) ओटीवरही घ्यायची. त्यामुळे "ओटी धरून तुझा पगार २१,००० च्या वर गेला, आता ईएसआय बंद" असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. तुमची मूळ रक्कम २०,८०० आहे, घरच्यांच्या दवाखान्याचा हक्क ओटीमुळे जात नाही. आयकराला मात्र ओटी हा पगारच.

आता करायचं काय. पुरावा आधी, तक्रार नंतर, हा क्रम उलटा करू नका. पंचिंग मशीनची नोंद तुमच्या हातात येत नाही, म्हणून रोज एका वहीत तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, कुठल्या मशीनवर होता, एवढं लिहा. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत लिहिलेली वही आणि रोज लिहिलेली वही, बघणाऱ्याला लगेच कळते. सुपरवायझरचे "आज दोघांनी थांबायचं" असे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा. कंपनीच्या बसच्या वेळा, गेटपास, प्रॉडक्शन शीटवरची सही, सगळं चालतं. पगार बँकेत येतो की रोख, 'इन्सेंटिव्ह' वेगळ्या नोंदीने येतो का, हे पासबुकात दिसेल. दर महिन्याला ती रक्कम ओटीच्या तासांना बरोबर ५० ने गुणून येत असेल, तर तो इन्सेंटिव्ह नाही हे सिद्ध करायला तेवढं गणित बास आहे. उत्पादनाचं बक्षीस तासांच्या पटीत येत नसतं.

मग ठेकेदाराला लेखी अर्ज, प्रत कंपनीच्या एचआरला, पोच घेऊन. शक्य असेल तर चार-पाच जणांनी मिळून, एकट्याने नको. एकट्याची गेटबंदी सोपी असते. उत्तर आलं नाही तर तास आणि मर्यादेच्या भंगासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, आणि पैशांसाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय. वेतन संहितेत (चार नव्या संहितांपैकी एक) दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, पूर्वी वेतन प्रदान अधिनियमात ती बारा महिने होती. कमी दिलेल्या रकमेशिवाय दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. आणि सगळ्यात उपयोगाचं, याच संहितेचं कलम ५९ (योगायोगाने जुन्या कारखाने कायद्यातला ओटीच्या कलमाचाच आकडा): वेतन दिलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. तुम्ही तास दाखवा, दिलेले पैसे त्याने दाखवायचे.

दाव्याचा तक्ता करताना २१ नोव्हेंबर २०२५ ला रेघ मारा. आधीचे महिने २०० ने, नंतरचे १५० ने, प्रत्येकातून मिळालेले 'इन्सेंटिव्ह' वजा. सगळ्या महिन्यांना सरसकट २०० लावलेत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेवढंच धरून बसेल. त्या काळातल्या चिठ्ठ्या नसतील तर पीएफचं पासबुक काढा, त्यावरून त्या त्या महिन्याचं पीएफचं वेतन कळतं. बेसिक मध्येच कधी बदललं असेल तर २०० आणि १५० हे आकडेही बदलतील, तेव्हा तक्ता पाठवा, मी तपासून देतो.